छोट्या विमानाच्या मोठ्या कसरती

सांबऱ्याच्या धावपट्टीवरून उठलेले विमान घोंगावत निघाले की बेळगावातील शाळकरी मूल पुस्तकावरची मान वर करते आणि विमान दिसेनासे होईतो ती खाली घेत नाही. गेली ऐंशी वर्षे हे असेच चालले आहे. सांबऱ्याचा तळ दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली तयार झाला. १९६१ च्या डिसेंबरात गोवामुक्तीच्या वेळी हंटर विमाने येथूनच उडाली; त्या मोहिमेत हवाई दलाची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्या हाती होती. आज तेथे वायुदलाच्या जवानांना शिक्षण देणारी संस्था आहे आणि प्रवासी विमानांची ये-जाही आहे. महामार्गाने निपाणीकडे निघालो तर वाटेत हत्तरगीस विमानांचे सुटे भाग घडविणारी वसाहत लागते. अशा मुलखात वाढणाऱ्या मुलाने एके दिवशी बापापाशी येऊन, ‘मला विमान करावयाचे आहे, आणि ते नुसते उडणारे नको, कोलांट्या घेणारे हवे,’ असे म्हटले, तर त्यात नवल ते काय?

नवल नसले तरी काळजी आहे, आणि ती रास्त आहे. हा छंद काही हजार रुपयांचा आहे. त्यात वेगाने फिरणारे पाते आहे, पेट घेऊ शकणारी बॅटरी आहे, आणि आकाश तर सर्वांचे आहे. म्हणून हा लेख जितका मुलांकरिता तितकाच त्यांच्या आईबापांकरिता आहे. परवानगी द्यावी की न द्यावी हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु ठरविण्यापूर्वी ती वस्तू काय आहे हे जाणून घेणे बरे.

छोटे विमान हे मोठ्या विमानाचे पोर आहे असे आपण समजतो. इतिहास पाहिला तर नाते उलटे निघते. १७०९ च्या ऑगस्टमध्ये लिस्बन येथे पोर्तुगालच्या राजासमोर बार्तोलोमेउ दे गुझमांव नावाच्या धर्मगुरूने कागदाचा लहानसा फुगा आतील अग्नीच्या बळावर दिवाणखान्यात वर चढविला. पहिल्या प्रयत्नात तो जळाला. नंतरचा वर गेला तेव्हा पडदे पेटतील या भीतीने सेवकांनीच तो खाली पाडला. माणूस फुग्यात बसून वर गेला तो त्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी. १८७१ साली पॅरिसच्या त्विलेरी बागेत आल्फाँस पेनो याने पिळलेल्या रबराच्या शक्तीवर उडणारे चिमुकले विमान दाखविले; शेपटीच्या साहाय्याने आपले संतुलन आपणच राखणारे ते पहिले यंत्र. त्याच पेनोच्या कल्पनेवर बनविलेले उडते खेळणे १८७८ साली एका पाद्री पित्याने घरी आणून आपल्या दोन मुलांना दिले. त्या मुलांचे आडनाव राइट. खेळण्याला खेळणे म्हणून हिणवण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी.

बिनतारी नियंत्रणाची कथा याहून नवी आहे. निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये तारेवाचून चालणारी छोटी नाव लोकांना दाखविली. विमानाच्या बाबतीत ही विद्या प्रथम साधली ती वॉल्टर आणि विल्यम गुड या अमेरिकन बंधूंना. एकाने विमान केले, दुसऱ्याने रेडिओ. ‘गफ’ नावाचे त्यांचे ते विमान १९३७-३८ च्या सुमारास आकाशात गेले आणि आता वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयाच्या मालकीचे आहे. पुढे १९६० साली स्वित्झर्लंडमध्ये ड्यूबेनडॉर्फ येथे बिनतारी विमानांच्या कसरतींची पहिली जागतिक स्पर्धा भरली. ती एड काझमिर्स्की या अमेरिकन स्पर्धकाने जिंकली. आज त्या स्पर्धेत विमान लांबी-रुंदीने २ मीटरपेक्षा आणि वजनाने ५ किलोपेक्षा मोठे चालत नाही. आपल्याकडे राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागात छोटी विमाने करण्याचे व उडविण्याचे शिक्षण दिले जाते, आणि ज्या मुलास हे वेड लागले आहे त्याने पैसे खर्चण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयात तो विभाग आहे का एवढे विचारून पाहावे. गुरूशिवाय ही विद्या येत नाही असे नाही, पण फार महाग पडते.

आता विमानाकडे वळू. शिकाऊ विमान आणि कसरतीचे विमान यांच्या घडणीत मूळचाच फरक असतो. शिकाऊ विमानाचा पंख वरून फुगीर व खालून सपाट, धडाच्या वर बसविलेला आणि दोन्ही टोकांकडे किंचित वर उचललेला असतो. असे विमान वाऱ्याने कलले तरी हात सोडताच बहुधा आपोआप सरळ होते. कसरतीच्या विमानाला हा गुण नको असतो. त्याचा पंख मधोमध, सरळ, आणि छेदात वरखाली अगदी सारखा असतो, कारण त्याला पालथे होऊनही तितक्याच सहजतेने उडावयाचे असते. त्याला जेथे ठेवाल तेथे ते राहते. कलते ठेवले तर कलतेच. आज्ञाधारकपणाची एवढी परिसीमा नवशिक्याला झेपत नाही. म्हणून पहिले विमान कसरतीचे करू नये, हे मुलाला कितीही कडू लागले तरी सांगावे.

परदेशी पुस्तकांत ही विमाने बाल्सा लाकडाची सांगितलेली असतात. हे दक्षिण अमेरिकेतील झाड. त्याचे लाकूड इतके हलके की फळी उचलताना हात फसतो. येथे ते मागवावे लागते आणि महाग मिळते. आपल्या मुलांनी त्यावर तोड काढली आहे ती डेप्रॉनच्या तावांची, थर्माकोलची आणि जाहिरातींच्या पन्हळी प्लास्टिकच्या फलकांची. (निवडणूक उलटली की या शेवटच्या मालाचा सुकाळ होतो.) पंखाच्या पोटात कणा म्हणून कार्बनची कांडी घालतात, ती न मिळाल्यास चांगला वाळलेला, तासून सारखा केलेला बांबू पुष्कळ काम देतो. सरस निवडताना मात्र सावध राहावे. झटकन चिकटणारे बाजारी डिंक थर्माकोलला अक्षरशः खाऊन टाकतात. पांढरा डिंक किंवा दोन नळ्यांचा इपॉक्सी तेवढा घ्यावा.

या उद्योगात खरा शत्रू वजन. १ मीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद पंखाचे विमान बॅटरीसकट ७०० ग्रॅमपर्यंत आटोपले तर ते चपळ राहते. ‘थोडा आणखी सरस लावला, थोडा रंग दिला, एक पट्टी जास्तीची मारली,’ असे करीत ते किलोवर गेले की कसरत विसरावी. स्वयंपाकघरातील काटा आईच्या परवानगीने शेजारी ठेवावा आणि प्रत्येक भाग जोडण्यापूर्वी तोलावा. परंतु वजन वाचविताना ताकद सोडूनही चालत नाही. याच ७०० ग्रॅमच्या विमानाने ताशी ५४ किलोमीटर वेगाने १० मीटर त्रिज्येचा उभा गिरका घेतला तर गिरक्याच्या तळाशी पंखावर सव्वादोन किलोंहून अधिक भार येतो. पंख मोडतो तो तेथे, आणि मोडतो तेव्हा विमान जमिनीकडे तोंड करून असते.

दुसरी मेख गुरुत्वमध्याची. पंखाच्या पुढील कडेपासून रुंदीच्या साधारण चौथ्या हिश्शावर दोन बोटांच्या टोकांनी विमान उचलावे; ते समतोल, किंवा नाकाने अगदी किंचित झुकलेले राहिले पाहिजे. नाक जड असलेले विमान आळशी उडते, पण उडते. शेपूट जड असलेले विमान पहिल्याच उड्डाणात, बहुधा पहिल्या दहा सेकंदांत, मातीत जाते. बॅटरी पुढेमागे सरकवून हा तोल साधतात. शिशाचे वजन हा शेवटचा उपाय.

विमानाला हुकूम पाळावयास लावणारी सामग्री आता पुष्कळ स्वस्त आणि भरवशाची झाली आहे. हातातील पेटीत दोन दांडे असतात; त्यांच्या हालचाली २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवरून विमानातील ग्राहकाकडे जातात, आणि तो सर्वो नावाच्या आगपेटीएवढ्या यंत्रांना सेकंदातून पन्नास वेळा इशारा देतो. इशाऱ्याची लांबी दीड सहस्रांश सेकंद असेल तर सर्वो मध्यावर राहतो; एककडे झुकली तर एका बाजूस, दोनकडे झुकली तर दुसऱ्या बाजूस वळतो. चार हुकूम पुरतात: पंखावरील एलेरॉन विमानाला कुशीवर वळवितात, शेपटीचा आडवा एलिव्हेटर नाक वरखाली करतो, उभा रडर ते डावीउजवीकडे नेतो, आणि चौथा हुकूम मोटारीच्या वेगाचा. पूर्वीच्या काळी प्रत्येक पेटीचा कंपनांक ठरलेला असे. मैदानात दोघांनी एकच कंपनांक लावला की एकाचे विमान गेलेच म्हणून समजावे. ती कटकट आता उरलेली नाही.

पूर्वी इंजिनेही निराळी होती. मिथेनॉलमध्ये पाचव्या हिश्शाइतके एरंडेल मिसळून ती चालवीत. लहानपणी ज्या तेलाला आपण नाक मुरडले ते विमानाला मात्र मानवत असे! आजही हौशी लोक अशी इंजिने चालवितात, पण नवशिक्याला विजेची मोटर आणि तीन घरांची लिथियम बॅटरी हेच सोयीचे. ही बॅटरी दिसते निरुपद्रवी. तशी ती नाही. प्रत्येक घर ४.२ व्होल्टवर भरले की भारण थांबलेच पाहिजे, आणि ३ व्होल्टच्या खाली ते उतरू देता कामा नये. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. भारण करताना ती फरशीवर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी आणि माणसाने जागेवर बसावे. रात्री लावून झोपी जाणे याला धाडस म्हणत नाहीत.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे हे आपण हवेच्या गारव्यासाठी सांगतो. विमानाला तीच गोष्ट निराळी लागते. या उंचीवर हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे ७ टक्के विरळ असते. एप्रिलच्या दुपारी, पारा पस्तिशीला टेकला की हा तोटा चौदा-पंधरा टक्क्यांवर जातो. पंखा तितका कमी ओढतो आणि उतरण्याचा वेगही वाढतो. म्हणून गोव्यातील नातलगाने ‘हाच पंखा लाव’ म्हणून सांगितलेला पंखा येथे तोकडा पडण्याचा संभव असतो.

उड्डाणापूर्वी एक तपासणी कधीही चुकवू नये. विमानाच्या मागे उभे राहून दांडा उजवीकडे द्यावा. उजव्या पंखाचे एलेरॉन वर उचलले पाहिजे. ते उलटे जोडलेले राहून जमिनीवर कोणाच्याही लक्षात न येणे हे पहिल्या उड्डाणातील अपघाताचे एक फार जुने कारण आहे. पेटीशी संबंध तुटला तर मोटर आपोआप बंद होते का, हेही जमिनीवरच पाहावे. मग वाऱ्याकडे तोंड करून विमान सोडावे.

आणि येथे मनाची एक विचित्र कसोटी लागते. विमान दूर जात असते तोवर उजवे ते उजवे आणि डावे ते डावे. ते वळून आपल्याकडे येऊ लागले की सारे उलटते. पायलट आत बसलेला नाही, तो समोर उभा आहे; ही अडचण मोठ्या विमानाच्या चालकास कधी येत नाही. जुने लोक यावर एक साधी युक्ती सांगतात: समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली पडत असेल त्या बाजूला दांडा द्यावा, जणू त्याला खालून टेकू दिला. डोक्याने हे दोन मिनिटांत समजते. हाताला समजण्यास दोन महिने लागतात, आणि ते दोन महिने संगणकावरील उड्डाणाच्या खेळात घालविले तर एकही पंख मोडत नाही.

मग कसरती. उभा गिरका, म्हणजे लूप, हा दिसावयास भव्य आणि करावयास त्यातल्या त्यात सोपा. तो माणसांच्या विमानात प्रथम साधला तो रशियन लष्करातील प्योत्र नेस्तेरोव याने, १९१३ च्या सप्टेंबरात कीव्ह येथे. सरकारी मालमत्ता धोक्यात घातल्याबद्दल त्याला दहा दिवसांची कैद झाली आणि नंतर बढती मिळाली! वाऱ्याकडे तोंड करून, वेग घेऊन, एलिव्हेटर हलकेच ओढावा. माथ्यावर पोचताच मोटर कमी करावी, नाहीतर उतरताना वेग अनावर होऊन वर्तुळाचे अंडे होते. कुशीवरून पूर्ण फिरणे, म्हणजे रोल, यात एलेरॉनने विमान फिरते. पण पालथे झाल्यावर त्याचे नाक खाली जाऊ लागते. ते धरण्यासाठी एलिव्हेटर ओढावयाचा नसून ढकलावयाचा असतो. पालथ्या विमानाला वर न्यावयाचे म्हणजे दांडा खाली! घाबरलेला हात येथे सवयीने ओढतो, आणि विमान पूर्ण वेगाने भूमीत शिरते. संथ रोलमध्ये तर रडर आणि एलिव्हेटर आळीपाळीने विमानाला तोलून धरतात, आणि चार हुकमांची ही जुगलबंदी ज्याला जमली तो खरा उड्डाणपटू. १९९६ साली बिदर येथे स्थापन झालेल्या वायुदलाच्या सूर्यकिरण पथकाच्या कसरती पाहताना या एवढ्या माहितीने पाहणाऱ्याचा आनंद दुणावतो. नवी कसरत नेहमी इतक्या उंचीवर करावी की तीनदा चुकले तरी सावरावयास जागा उरेल.

आता धोक्याविषयी स्पष्टच लिहितो. दहा इंची पाते मिनिटास ८००० फेऱ्यांनी फिरते तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी ३८० किलोमीटर असतो. ते बोट नुसते कापत नाही, तोडते. बॅटरी जोडली की मोटर चालू आहे असेच समजावे. ७०० ग्रॅमचे विमान ताशी ७२ किलोमीटरने माणसावर आदळले तर तो आघात १४ किलोचे ओझे एक मीटरवरून अंगावर पडावे तसा असतो, आणि येथे ते सारे ओझे एका टोकदार नाकावर एकवटलेले. २०१३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका उद्यानात १९ वर्षांचा एक तरुण स्वतःच उडवीत असलेल्या बिनतारी हेलिकॉप्टरचे पाते लागून जागच्या जागी मरण पावला. तो नवशिका नव्हता. म्हणून क्रिकेट चाललेल्या मैदानावर, शाळेच्या अंगणात, जत्रेत किंवा लग्नाच्या मांडवावर विमान उडविणाऱ्या मुलाचे कौतुक करू नये. त्याच्या हातातील पेटी शांतपणे बाजूला ठेवावी.

कायद्याची बाजूही आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोंपर्यंतच्या, केवळ शिक्षण, संशोधन वा करमणुकीकरिता आणि डोळ्यांच्या टप्प्यात उडविलेल्या छोट्या विमानांना वेगळे स्थान आहे. २ किलोंपर्यंतचे विमान धंद्याकरिता नसेल तर चालकास प्रमाणपत्र लागत नाही. पण जागेचे बंधन सर्वांस आहे. मोकळ्या क्षेत्रात उंची १२० मीटर. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरच. त्याहून जवळ परवानगीवाचून नाही. बेळगाव शहराचा मध्य सांबऱ्यापासून बारा किलोमीटरांच्या आसपास आहे, त्यातून येथे लष्कराची ठाणी आहेत. म्हणजे शहरात गच्चीवरून विमान सोडणे हा विषयच संपला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नकाशा आणि नोंदणीचे नियम पाहिल्यावाचून पेटी हाती घेऊ नये. सांबऱ्यावर उतरणाऱ्या विमानात कोणाचे तरी आईबाप बसलेले असतात.

या दृष्टीने निपाणीकडची मुले भाग्यवान. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ तेथून सुमारे ३० किलोमीटर दूर, सांबरा त्याहून कितीतरी लांब. फेब्रुवारीत तंबाखूची काढणी झाली की मोकळी शेते सापडतात. सकाळी आठपूर्वी वारा निजलेला असतो. दहानंतर तापलेल्या मातीवरून उसळणारी हवा हलक्या विमानाला चेंडूसारखी उडविते. जून लागला की पेट्या फळीवर ठेवाव्या आणि घरात बसून नवा पंख करावा. शेतमालकाची परवानगी मात्र आधी घ्यावी, आणि रानात राबणारी माणसे व गुरे कोठे आहेत ते पाहून उडविण्याची बाजू ठरवावी.

आपल्या भागातील शेवटची अडचण उसाची. विमान उसात पडले की लगेच धावत सुटू नये. दोन पावलांत दिशा हरवते. पडले त्या रेषेतील दूरचे झाड किंवा विजेचा खांब नजरेत पक्का धरावा, सोबत्याने आपल्या जागेवरून त्याची रेषा धरावी, आणि दोन्ही रेषा जेथे मिळतात तेथे एकाने सरळ आत शिरावे. दुसऱ्याने बाहेर राहून मोटर पूर्ण बंद ठेवून फक्त एलेरॉनचा दांडा हलवीत राहावा. सर्वोची कुरकुर शांत रानात दहा-बारा पावलांवरून ऐकू येते. सापडल्यावर आधी बॅटरी सोडवावी, मग मोडतोड पाहावी. तुटलेला थर्माकोलचा तुकडा न् तुकडा गोळा करून आणावा, कारण तो गुरांच्या पोटात जातो, शिवाय तो परत चिकटतोही. आणि मोडलेल्या उसाचे पैसे मालकाने मागण्यापूर्वी विचारावे.